जमिनीचा थकलेला विसावा

आमच्या घरी रात्री जेवणं झाली की प्रार्थना असते, आज्जी होती तेव्हापासूनची पद्धत आहे ती. आप्पा वाचतात, आई डोळे मिटून ऐकते, दादा दिवसभर रानात राबलेला असतो त्यामुळे भिंतीला टेकून पेंगतो. या फेब्रुवारीत मी पुण्याहून दोन दिवस घरी गेले तेव्हा वाचन बायबलमधल्या लेवीय या पुस्तकावर आलं होतं. लेवीय म्हणजे बऱ्याच घरांत भराभर उरकायचं पुस्तक, यज्ञ, याजक, कोड, भिंतीवरची बुरशी, कुठला प्राणी खायचा आणि कुठला नाही. पण पंचविसावा आणि सव्विसावा अध्याय आला की शेतकऱ्याच्या घरात वाचणाऱ्याचा आवाज बदलतो, मी लहानपणापासून बघतेय. आप्पांनी चष्मा नीट केला आणि ती ओळ वाचली, तुमचं आकाश लोखंडासारखं करीन आणि तुमची जमीन पितळेसारखी. दादाने डोळे उघडले. म्हणाला, "आपली खालची पट्टी तशीच झालीय."

खालची पट्टी म्हणजे पाटाच्या अंगाचे तीस गुंठे. प्रवरेचं पाणी येतं आमच्याकडे, भंडारदऱ्याचं. धरण १९२६ मध्ये पुरं झालं, म्हणजे शंभर वर्षं होत आली, आणि त्या पाण्यावर आमच्या भागातल्या तीन पिढ्या शिकल्या, घरं झाली, लग्नं झाली, मी पण त्यातलीच आहे, त्यामुळे उसाला शिव्या द्यायला माझी जीभ वळत नाही. पण त्या पट्टीत आता गेलात तर पायाखाली करकर वाजतं. वरती पांढरा थर धरलाय, मीठ सांडल्यासारखा, खाली माती चिकट, आणि वाळली की ढेकूळ असं की कुदळ उडून येते. मी एक ढेकूळ उचलून फोडायचा प्रयत्न केला तर हातालाच लागलं. आत एक सुद्धा गांडूळ नाही, मुळी नाही. आप्पा सांगतात याच पट्टीत ते लहान असताना बाजरी कमरेच्या वर यायची. आता लोक तिला चोपण म्हणतात आणि चोपण म्हणलं की विषय संपतो. दादाने माती तपासून आणली होती, कागदावर सामू (पीएच) ८.७ आणि सेंद्रिय कर्ब ०.३८, पुढे छापलेलं "कमी".

कारण काही गूढ नाहीये, गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. बारा महिने पाणी, ऊस मग खोडवा मग निडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटलेलं दुसरं आणि तिसरं पीक, परत नवी लागण, मध्ये बेवड म्हणून दुसरं पीक नाही, पड नाही. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत भूजल वर वर येतं, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार तेवढे वरती राहतात. जमिनीला कधी वाळायलाच मिळालं नाही.

आणि त्या रात्री मला पंचविसाव्या अध्यायाची आज्ञा पहिल्यांदाच कानात नीट शिरली असं वाटलं. सहा वर्षं पेरा, सहा वर्षं द्राक्षमळा छाटा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा. पेरायचं नाही, छाटायचं नाही. आपोआप जे उगवेल ते तुम्ही खा, तुमचा दास, दासी, मजूर, तुमच्याजवळ राहणारा उपरा, तुमची गुरं आणि रानातली जनावरं सुद्धा. ही यादी बघा. दाखल्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या बरोबरीने मजूर आणि रानातलं जनावर एकाच वाक्यात बसवलंय. निर्गम या पुस्तकात हीच आज्ञा आहे तिथे तर गरिबांचं नाव आधी येतं आणि त्यांनी ठेवलेलं वनपशूंनी खावं म्हणतात. आणि याच पंचविसाव्या अध्यायात पुढे देव सरळ सांगतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे परके आणि उपरे आहात. सातबारा कुणाचा का असेना.

आज्ञापालन म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर काहीतरी करणं येतं, उपास, दान, उपासनेला जाणं. इथे आज्ञा आहे हात बांधून बसायची, आणि शेतकऱ्याला यापेक्षा अवघड काहीच नसतं! मोकळं रान बघवत नाही आपल्याला, बांधावरून जाणारा माणूस विचारतो, काय हो, यंदा पड का? आणि त्या विचारण्यात कीव असते. ज्यांना ही आज्ञा दिली त्या इस्राएल लोकांना पण हाच प्रश्न पडला होता, तोही अध्यायात लिहून ठेवलाय, सातव्या वर्षी आम्ही खायचं काय? त्यावर देव रागवत नाही. सहाव्या वर्षी तीन वर्षांचं पीक देईन म्हणतो. भूक खरी आहे हे धरूनच ती आज्ञा दिलेली आहे.

तो देश पण लक्षात घ्यायला पाहिजे. बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो, तुम्ही जिथून आलात त्या मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, तुम्ही बी पेरून भाजीच्या मळ्यासारखं पायाने पाणी देत होता, आता जिथे जाताय तो देश डोंगर आणि खोऱ्यांचा आहे, आकाशाचं पाणी पिणारा. आमच्या भाषेत सांगायचं तर बागायतातून काढून जिरायतात नेलं त्यांना. तिथे पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलच्या सुमाराला. आपल्या मराठी भाषांतरात या दोन पावसांना आगोटीचा आणि वळवाचा असे शब्द वापरलेत, आज्जीला ते शब्द फार आवडायचे, ती म्हणायची भाषांतर करणारा माणूस शेतकऱ्याच्या घरचा असणार. एक पाऊस हुकला की वर्ष गेलं. अशा देशात दर सातव्या वर्षी पेरू नको सांगणं ही साधी गोष्ट नाही.

मग सव्विसावा अध्याय. सुरुवात इतकी गोड आहे की शेतकऱ्याने पाठ करून ठेवावी, पाऊस वेळेवर, मळणी द्राक्षांच्या हंगामापर्यंत चालेल, द्राक्षांचा हंगाम पेरणीपर्यंत चालेल, नवीन धान्य ठेवायला जुनं बाहेर काढावं लागेल. आणि मग चौदाव्या वचनापासून उतार. ऐकलं नाही तर ताप येईल, डोळे जातील, पेरलेलं शत्रू खाईल. तरी ऐकलं नाही तर सातपट. तरी नाही तर अजून सातपट. हे सातपट चार वेळा येतं, म्हणजे चार वेळा थांबून बघितलंय की हे मागे फिरतात का. मधे एक चित्र आहे ते माझ्या डोक्यातून जात नाही, दहा बायका एकाच भट्टीत भाकरी भाजतील आणि तुम्हाला तोलून देतील, तुम्ही खाल पण पोट भरणार नाही. दहा घरांचं पीठ एका भट्टीला पुरत नाही म्हणजे काय दुष्काळ असेल तो. आणि शेवटी, उडणाऱ्या पानाचा आवाज सुद्धा तुमच्या पाठी लागेल.

पण सगळ्यात जड वचन मला वाटतं ते चौतिसावं आणि पस्तिसावं. तुम्ही शत्रूच्या देशात असाल आणि इकडे जमीन ओस पडेल, तेव्हा ती आपले शब्बाथ, म्हणजे विसाव्याचे काळ, भोगेल. तुम्ही राहत होता तेव्हा तुमच्या शब्बाथांमध्ये जो विसावा तिला मिळाला नाही तो तिला तेव्हा मिळेल. म्हणजे विसावा बुडत नाही, तो साठतो. माणसाने दिला नाही तर माणसाला उचलून बाजूला ठेवून जमिनीला दिला जातो. इतक्या कडक अध्यायात जमिनीबद्दल एक रागाचं अक्षर नाही. उलट बेचाळिसाव्या वचनात देव म्हणतो याकोब, इसहाक, अब्राहाम यांच्याशी केलेला करार मी आठवीन आणि देशाची पण आठवण करीन.

आणि ते झालं. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमाराला बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, लोकांना बाबेलला नेलं. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर हा सगळा हिशेब लावलाय, यिर्मया संदेष्ट्याने सांगितल्याप्रमाणे सत्तर वर्षं पुरी होईपर्यंत देशाने आपले शब्बाथ भोगले. काही जण त्यावरून गणित मांडतात की सत्तर विसावे थकले म्हणजे ४९० वर्षं कुणी पाळलं नाही. तारखांचं गणित किती जुळतं हा वाद बाजूला ठेवूया, पण राजे कसे होते, लढाया कशा हरलो, असं सगळं सांगून झाल्यावर लिहिणाऱ्याने शेवटी जमिनीच्या थकबाकीवर बोट ठेवलं, हे मला फार मोठं वाटतं.

हे वाचताना एक गोष्ट सुटते, माझीही सुटली होती. सातवं वर्ष फक्त जमिनीच्या विसाव्याचं नव्हतं. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दर सात वर्षांनी कर्ज सोडून द्यायचंय. विसावा आणि कर्जमाफी एकत्र का, हे ज्याच्या नावावर सोसायटीचं कर्ज आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. हप्ता उभा असताना रान पड ठेवता येत नाही! दादा हेच बोलला त्या रात्री, आप्पांनी पुस्तक मिटल्यावर. "विसावा द्यायला मी कुठं नाही म्हणतो, मार्चएंडला कोण भरणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण अनुवादात त्याच्या प्रश्नाची दखल आहे. तिथे सावकाराला दटावलंय, की सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरीब भावाला उसनं द्यायला हात आखडू नको. आणि माणसं हात आखडत होतीच, पुढे हिल्लेल नावाच्या यहुदी गुरूंनी कर्ज न्यायसभेकडे सोपवून ते बुडू नये अशी सोय काढली, कारण सातवं वर्ष जवळ आलं की गरिबाला कोणी पैसे देईना. आज्ञा पाळायला सगळं गाव लागतं. एकट्याने पाळली तर तो एकटाच बुडतो.

यरुशलेमच्या शेवटच्या दिवसात नेमकं तेच दिसतं. यिर्मयाचा चौतिसावा अध्याय काढून वाचा. बाबेलचा वेढा पडला तेव्हा सिद्कीया राजाने आणि सरदारांनी करार केला की आपण इब्री दासदासी मोकळ्या करू, शास्त्रात सांगितल्याप्रमाणे. केल्या पण. मग मिसरचं सैन्य येतंय म्हणून बाबेलवाले जरा मागे हटले, आणि यांनी सोडलेल्या माणसांना परत धरून आणून दास केलं. यिर्मया किती चिडला असेल. संकट आलं की आज्ञा आठवते आणि संकट हटलं की विसरते, ही गोष्ट मला ओळखीची आहे. दुष्काळ पडला की आमच्या भागात ठिबकच्या मीटिंगा होतात आणि धरणाचं पहिलं आवर्तन पाटाला सुटलं की दारं मोकळी सोडून पाणी रात्रभर वाहतं.

बाबेलला नेलेल्यांचं पुढे काय झालं तेही बघा. पावसाच्या देशातली माणसं पाटांच्या देशात गेली. यहेज्केल संदेष्टा ज्या खबार नदीकाठी बसला होता तो निप्पूर शहराजवळचा एक कालवा होता. तो सगळा मुलूख कालव्यांवर जगणारा, आणि तिथे मीठ फुटण्याचं दुखणं त्यांच्याही आधी कितीतरी शतकं जुनं होतं. मातीच्या पाट्यांवरचे जुने हिशेब वाचून अभ्यासकांनी मांडलंय की दक्षिणेकडच्या रानात गहू कमी कमी होत गेला आणि त्याची जागा सातूने घेतली, कारण सातू खार जास्त सोसतो. आणि तिथल्या शेतकऱ्यांची परंपरेने चालत आलेली रीत काय, तर एक वर्ष पीक आणि एक वर्ष पड. पडीक वर्षात खोल मुळांचं काटेरी तण वाढू द्यायचं, ते खालचं पाणी ओढून घेतं, भूजल खाली जातं, मग पुढच्या पाण्याबरोबर क्षार खाली धुपतात. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ खालच्या पट्टीचा विचार करत बसले. विसावा म्हणजे जमीन झोपलेली नसते, तिचं काम चालू असतं, ते आपल्याला हप्त्यात मोजता येत नाही एवढंच.

आणि एक बारीक गोष्ट, मला ती फार जवळची वाटते. सगळे नेले गेले नाहीत. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशा गरिबांना बाबेलच्या सेनापतीने मागे ठेवलं आणि त्यांना द्राक्षमळे आणि शेतं दिली, हे यिर्मयात आहे. ज्यांनी सातव्या वर्षी बांधावरून आत येऊन खायचं होतं त्यांच्याच हातात शेवटी रान आलं.

बाबेलहून परत आल्यावर लोकांनी ही गोष्ट मनाला लावून घेतली होती असं दिसतं. नहेम्याच्या दहाव्या अध्यायात लेखी शपथ आहे, सातव्या वर्षाचं पीक सोडू आणि येणं सोडून देऊ. पुढे मक्काबी नावाच्या यहुदी घराण्याच्या लढायांत बेथसूरच्या वेढ्यात लोकांना शरण जावं लागलं कारण ते विसाव्याचं वर्ष होतं आणि कोठारात दाणा नव्हता. जीव जायची वेळ आली तरी पेरलं नव्हतं त्यांनी. आणि हे अजून संपलेलं नाही. इस्राएलमध्ये २०२१-२२ हे विसाव्याचं वर्ष होतं, पुढचं २०२८-२९ मध्ये येईल. काही शेतकरी खरंच नांगर बाजूला ठेवतात, आणि बरेच जण जमीन कागदोपत्री बिगरयहुदी माणसाला विकून पीक घेतात, ही वाट १८८९ च्या वर्षासाठी काही धर्मगुरूंनी काढून दिली कारण तेव्हाच्या नव्या वसाहती उपाशी मेल्या असत्या. त्यावर आजही भांडणं होतात. मला ती पळवाट म्हणवत नाही. खायचं काय हा प्रश्न पंचविसाव्या अध्यायातलाच आहे.

आपल्याकडे कोकणातले बेने इस्राएल नावाचे यहुदी लोक आठवतात मला. अलिबागकडच्या गावांत घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. त्यांच्याजवळ ग्रंथ राहिले नव्हते, फार थोड्या प्रार्थना पाठ होत्या, पण घाण्याचा बैल शनिवारी सुटायचा तो सुटायचाच. पिढ्यानपिढ्या! पुस्तक हातात असून आम्हाला जमलं नाही ते त्यांनी पुस्तकाशिवाय केलं.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले ते. मी शाळेत होते तेव्हा, २००३ च्या दुष्काळात, पाथर्डीकडे मावशीच्या गावी गेलो होतो. तिथे एका पाळकांनी हाच सव्विसावा अध्याय घेतला आणि समोर बसलेल्या लोकांना सांगितलं की तुमच्या पापामुळे पाऊस नाही, विहिरी आटल्या त्या तुमच्या घरातल्या प्रार्थना आटल्या म्हणून. मावशी पदर तोंडाला लावून रडत होती. तिची चार एकर कोरडवाहू, जनावरं छावणीत, काका मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडायला गेलेले. आमच्याच भागातला ऊस. तिने जमिनीचा कुठला विसावा चोरला होता? अध्याय "तुम्ही" म्हणतो, सगळ्यांना मिळून. राजाला, सावकाराला, ज्याच्या हातात पाण्याचं दार आहे त्याला. पाणी एका टोकाला मुरून मीठ वर येतंय आणि दुसऱ्या टोकाला हंडाभर मिळत नाही, यातल्या कोरड्या टोकाच्या बाईला उभी करून सातपट शिक्षा वाचून दाखवायची हे मला तेव्हाही पटलं नाही, आता तर मुळीच पटत नाही. ईयोब नावाच्या नीतिमान माणसावर संकटं आली तेव्हा त्याच्या मित्रांनी हेच केलं होतं आणि देव त्यांच्यावर रागावला होता.

यंदा आमच्या वरच्या रानात तोड चालू होती तेव्हा बीडकडची टोळी आलेली. एक बाई कडेवर पोर घेऊन मोळ्या बांधत होती, संध्याकाळी बैलांसाठी वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे नेत होती. आईने बांधावरची कांद्याची पात आणि दोन वांगी तिच्या पदरात घातली आणि घरी येऊन म्हणाली, सरवा आहे तो, त्यांचाच असतो. दुसऱ्याच्या रानात सरवा वेचणाऱ्या गरीब विधवेची, रूथची, बायबलमधली गोष्ट आईला तोंडपाठ आहे.

खालच्या पट्टीचं असं ठरलं की खोडवा मोडायचा आणि लागण करायची नाही. खालून चर काढून निचरा करायचा, पावसाळ्यात धैंचा, हिरवळीचं खत, टाकून फुलोऱ्याच्या आत गाडायचा, आणि पाटाचं पाणी तिकडे सोडायचंच नाही. धनगर येतात त्यांच्या मेंढ्या दोन रात्री बसवायच्या. दादा तयार झाला तो वचनाने झाला की मातीच्या कागदाने ते मी विचारलं नाही. तीस गुंठ्यांचं उत्पन्न जाणार आहे ते माझ्या पगारातून थोडं मी देतेय, सगळं भरून निघणार नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आप्पा पट्टीच्या कडेला उभे होते. मला म्हणाले, "या रानात पहिला ऊस एक्क्याऐंशीला लागला, तेव्हापासून धरलं तर किती होतात?" मी मोजून सांगितलं, चव्वेचाळीस वर्षं, म्हणजे सहा विसावे थकलेत. ते काही बोलले नाहीत. वाकून एक ढेकूळ उचललं, हातात फिरवलं आणि परत जिथलं तिथे ठेवलं. दादा मागून आला आणि म्हणाला, आधी एक वर्ष तर होऊ दे, मग सोसायटीत जाऊन बोलतो.